मामाचा हायपो आणि सरकारी मदत

गेल्या दिवाळीत डोंबिवलीला मामाकडे गेले होते. मामाचा फोटो स्टुडिओ बंद होऊन आता बरीच वर्षं झाली, पण डार्करूमचं सामान त्याने माळ्यावर जपून ठेवलंय. मामी दर दिवाळीला "ते खटलं काढा एकदाचं" म्हणते आणि मामा दर दिवाळीला "पुढच्या वर्षी बघू" म्हणतो. या वेळी मामीने नवऱ्याचा नाद सोडला आणि भाचीला शिडीवर चढवलं. एन्लार्जर, तीन ट्रे, लाल दिवा, चिमटे... आणि सगळ्यात मागे एक निळा प्लॅस्टिकचा कॅन. बुचाभोवती पांढरे क्षार धरलेले.

"मामा, हा कसला रे?"

"हायपोचा. वापरलेला हायपो साठवायचो त्यात."

ज्यांनी डार्करूम कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जुन्या फोटोच्या फिल्मवर आणि कागदावर चांदीच्या क्षारांचा थर असायचा. जिथे प्रकाश पडला तिथे डेव्हलपरमध्ये चित्र उमटायचं, आणि जिथे पडला नाही तिथले क्षार धुऊन काढावे लागायचे, नाहीतर उजेडात आणल्यावर सगळा फोटो हळूहळू काळा पडायचा. हे धुण्याचं काम हायपो करतो. म्हणजे वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. पैंजणातली चांदी कोणाला काही करत नाही, पण पाण्यात विरघळलेली चांदी पाण्यातल्या बारीक जिवांना मारक असते.

मामाने निर्व्याज चेहऱ्याने सांगितलं की सुरुवातीची काही वर्षं तो हायपो सरळ मोरीत ओतायचा. मोरीतून गटारात, गटारातून मागच्या नाल्यात.

"मग बंद का केलंस? कोणी तपासायला आलं होतं? सरकारी माणूस वगैरे?"

मामा हसला. "अगं, सरकारी माणसं यायची ती पासपोर्ट साइजचे फोटो काढायला. एक जण सायकलवरून कॅन घेऊन यायचा. हायपो विकत घ्यायचा, त्यातली चांदी काढायचा. त्याने लिटरचा भाव सांगितला त्या दिवसापासून मोरीत थेंब गेला नाही."

मंडळी, हा एवढासा संवाद माझ्या डोक्यात जो बसला तो बसलाच. कारण गेली काही वर्षं मी फावल्या वेळात एका प्रश्नाच्या मागे लागले आहे. छोट्या-मोठ्या धंद्यांनी प्रदूषणाचे नियम पाळावेत म्हणून सरकार त्यांना मदत करतं. पुस्तिका, प्रशिक्षण, सल्लागार, अनुदान, स्वस्त कर्ज. या मदतीने नियम खरंच जास्त पाळले जातात का? आणि मुख्य म्हणजे, हे कळणार कसं? प्रश्न कोरडा वाटतो खरा, पण त्याला जवळजवळ चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि तो इतिहास मजेशीर आहे. शिवाय त्याचा एक धागा भोपाळहून निघतो आणि दुसरा थेट डोंबिवलीत येऊन पोचतो. म्हणून आज लिहायला बसले. (घरच्यांनी मध्येच सोडून देऊ नये, शेवटी पुन्हा मामा आहे.)

भोपाळनंतरची यादी

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला वायूगळती झाली. त्यानंतर आपल्याकडे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच साली अमेरिकेतही एक कायदा झाला, आणि त्यामागेही भोपाळच होतं. आपल्या गावातल्या कारखान्यात काय साठवलंय हे तिथल्या लोकांना माहीत असायला हवं, असा त्याचा गाभा. त्या कायद्याने कारखान्यांवर एक साधं बंधन घातलं. कोणतं विषारी रसायन वर्षभरात हवेत, पाण्यात, जमिनीत किती सोडलं, ते दरवर्षी सरकारला कळवायचं, आणि ते आकडे लोकांसाठी खुले राहणार. या यादीचं नाव टॉक्सिक्स रिलीज इन्व्हेन्टरी. पहिले आकडे १९८७ सालचे आहेत.

आता हातात आकडे आल्यावर ते कमी करावेसे वाटणारच. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९९१ मध्ये एक कार्यक्रम काढला. नाव '३३/५०'. बेन्झिन, शिसं, पारा, क्रोमियम, सायनाइड अशी १७ रसायनं निवडली आणि कंपन्यांना पत्रं पाठवली. सक्ती नाही, दंड नाही. १९८८ च्या तुलनेत १९९२ पर्यंत ३३ टक्के आणि १९९५ पर्यंत ५० टक्के घट करा, आम्ही माहिती देऊ आणि कौतुकाचं प्रशस्तिपत्र देऊ. सुमारे १३०० कंपन्या सामील झाल्या. आणि ५० टक्क्यांचं लक्ष्य १९९४ मध्येच, म्हणजे एक वर्ष आधी पुरं झालं!

झालं, सगळीकडे टाळ्या. गोडीगुलाबीने काम होतं हे सिद्ध झालं, असं अनेकांनी लिहिलं.

पण जरा तारखा बघा. मोजायला सुरुवात १९८८ पासून, आणि पत्रं गेली १९९१ मध्ये. मधल्या तीन वर्षांत जी घट झाली ती कोणाच्या खात्यात टाकायची? पत्र मिळण्याआधीच झालेलं काम पत्रामुळे झालं असं म्हणता येईल का? अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने १९९४ मध्येच यावर बोट ठेवलं होतं. शिवाय ज्या कंपन्या सामील झाल्याच नाहीत, त्यांचेही आकडे उतरले होते.

पुढे अर्थशास्त्रज्ञ या आकड्यांवर तुटून पडले. १९९९ मध्ये मधु खन्ना आणि लिसा डेमन यांनी रसायन उद्योगाचा अभ्यास करून लिहिलं की कार्यक्रमाचा खरोखर परिणाम झाला होता. २००७ मध्ये मार्टिना विदोविच आणि नेहा खन्ना यांनी लिहिलं की सामील झालेल्या कंपन्यांची घसरण आधीपासूनच चालू होती, कार्यक्रमाने तिच्यात फारशी भर टाकली नाही. कार्यक्रम एक, यादी एक, अभ्यास करणाऱ्यांत आडनावसुद्धा एक, आणि निष्कर्ष दोन. यात कोणी लबाडी केली असं नाही. 'हा कार्यक्रम नसताच, तर काय झालं असतं?' या प्रश्नाचं उत्तर दोघींच्या अभ्यासांनी वेगवेगळ्या रीतीने शोधलं, एवढंच.

ते 'नसतं तर' कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं. तेच या सगळ्या इतिहासातलं खरं दुखणं आहे.

छोट्या दुकानांचं काय?

मोठ्या कारखान्याकडे इंजिनिअर असतो, वकील असतो. नियमांचं जाडजूड बाड वाचायला त्याला पगारी माणूस ठेवता येतो. कपडे ड्रायक्लीन करणारा, छापखानेवाला, गाड्या रंगवणारा, फोटो धुणारा यांनी काय करायचं? अमेरिकेच्या हवा कायद्यात १९९० मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा त्यात एक कलम मुद्दाम घातलं गेलं, ५०७ क्रमांकाचं. प्रत्येक राज्याने छोट्या धंद्यांना तांत्रिक मदत देणारी व्यवस्था उभी करावी, असं त्यात होतं. पुढे ईपीएने निरनिराळ्या धंद्यांसाठी माहिती केंद्रंही काढली. छपाईवाल्यांसाठी एक, धातूला मुलामा देणाऱ्यांसाठी एक, गाड्या दुरुस्त करणाऱ्यांसाठी एक.

या मदतीचा हिशेब कसा ठेवायचा? सुरुवातीला ठेवला तो आपल्या ओळखीचाच होता. फोन इतके आले, पुस्तिका इतक्या वाटल्या, शिबिरं इतकी घेतली, उपस्थिती इतकी. आपल्याकडे वृक्षारोपणाच्या बातमीत जसा खड्ड्यांचा आकडा असतो, तसंच हे. झाड जगलं का, ते पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवीन रोप लावताना कळतं.

१९९३ मध्ये अमेरिकेत आणखी एक कायदा झाला. त्याने सगळ्या केंद्रीय खात्यांना सांगितलं की काय केलंत एवढंच सांगू नका, त्यातून काय निष्पन्न झालं ते सांगा. तेव्हापासून मदत करणाऱ्या खात्यांची पंचाईत झाली. दंड करणाऱ्यांची बाजू त्या मानाने सोपी होती. कागद गिरण्या आपल्या सांडपाण्याचे आकडे नियमितपणे सरकारला कळवत असत. तपासनीस कोणत्या तारखेला आला याची नोंद असे. वेस्ली मॅगट आणि किप व्हिस्कुसी यांनी दोन्ही एकत्र ठेवून १९९० मध्ये दाखवलं की तपासणीनंतर सांडपाण्यातला सेंद्रिय भार सुमारे २० टक्क्यांनी उतरतो. (आकडे गिरण्यांनी स्वतःच कळवलेले होते, हे लक्षात ठेवा. त्यावर पुन्हा येऊ.) पण कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनरचे असले कुठलेच आकडे नव्हते. त्याला पुस्तिका दिल्यावर काय बदललं हे कशावरून सांगणार?

मग सोपा मार्ग निघाला. शिबिराला आलेल्यांना फॉर्म पाठवा आणि विचारा, "आमच्या मदतीने तुमच्यात काही सुधारणा झाली का?" फॉर्म भरून पाठवणारे बहुतेक जण 'हो' म्हणतात.

इथे मला आपले क्लासवाले आठवतात. दहावीचा निकाल लागला की पेपरात पानभर फोटो. आमच्या क्लासची इतकी मुलं नव्वद टक्क्यांच्या वर! पण त्या क्लासला प्रवेश देतानाच आधीचे मार्क बघितलेले असतात, हे फोटोखाली छापत नाहीत. सरकारी शिबिराला आपणहून येणारा दुकानदार हा बहुधा आधीच नियम पाळण्याच्या विचारात असलेला माणूस असतो. ज्याला नियमाशी देणंघेणं नाही तो शिबिराला येत नाही आणि फॉर्मही पाठवत नाही. मग आलेले आणि न आलेले यांची तुलना केली की मदत फार गुणकारी दिसते. क्लासच्या जाहिरातीइतकीच.

मॅसॅच्युसेट्सची चिठ्ठी

या गोंधळात मला सगळ्यात आवडलेला प्रयत्न मॅसॅच्युसेट्स राज्याचा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी एक पद्धत सुरू केली आणि त्यासाठी निवडलेले पहिले धंदे कोणते, तर ड्रायक्लीनर, छापखाने आणि... फोटो धुणारे! हे वाचलं तेव्हा मामाचा चेहरा डोळ्यासमोर आला. तिथेही मुद्दा तोच होता, हायपोतली चांदी.

पद्धत अशी. प्रत्येक दुकानाला वेगवेगळे परवाने घ्यायला लावण्याऐवजी सोप्या भाषेतली एक कार्यपुस्तिका द्यायची. मालकाने ती वाचून, आपलं दुकान तपासून, दरवर्षी सही करून सांगायचं की मी हे हे नियम पाळतो. खोटी सही केली तर कायद्याची जबाबदारी. एखादा नियम पाळला जात नसेल तर कधीपर्यंत पाळणार ते लिहून द्यायचं. म्हणजे मदतही आणि मालकाची मान अडकवणंही.

पण खरी अक्कल पुढे आहे. पुस्तिका वाटण्याच्या आधी तपासनिसांनी यादीतून चिठ्ठ्या टाकून काही दुकानं निवडली आणि तिथे जाऊन ठराविक मुद्दे टिपून घेतले. पुस्तिका आणि सह्या झाल्यावर पुन्हा चिठ्ठ्या टाकून दुकानं निवडली आणि तेच मुद्दे पुन्हा टिपले. जो आपणहून आला त्याच्याकडे जायचं नाही, जो बदनाम आहे त्याच्याकडेही मुद्दाम जायचं नाही. ज्याचं नाव चिठ्ठीत निघेल त्याच्याकडे जायचं. त्यामुळे थोडीच दुकानं बघून सगळ्या धंद्याबद्दल भरवशाने काही सांगता येऊ लागलं. आणि मालकाची सही आणि तपासनिसाची टिपणं शेजारी ठेवून मालक किती खरं लिहितात हेही कळू लागलं.

यातून दोन गोष्टी समोर आल्या. एक म्हणजे बरीचशी दुकानं खात्याच्या नोंदीतच नव्हती. ज्यांना मदत करायची ती आहेत तरी किती, हेच आधी नीट माहीत नव्हतं. दुसरी म्हणजे बऱ्याच मुद्द्यांवर सुधारणा झाली, पण सगळ्यांवर नाही. 'मदत यशस्वी' किंवा 'मदत अपयशी' असं ठोक उत्तर न मिळता 'या बाबतीत झाला फायदा, त्या बाबतीत नाही' असं उत्तर मिळालं. मला तरी हे उत्तर जास्त खरं वाटतं.

आता यातली गंमत. त्यानंतर दहा वर्षांत डिजिटल कॅमेरे आले आणि फिल्म धुणारी दुकानं भराभर बंद पडली. फोटोच्या दुकानांतून गटारात जाणारी चांदी जवळजवळ संपली. कोणी १९९७ चा आकडा आणि २०१० चा आकडा शेजारी ठेवून "बघा, आमच्या पुस्तिकेने काय करून दाखवलं!" असं म्हटलं असतं तर? दोन्ही आकडे अगदी खरे, आणि निष्कर्ष साफ खोटा. मामाच्या नाल्याचंही तसंच. सायकलवाला आला नसता, तरी मोबाइलमध्ये कॅमेरा आल्यावर मामाचा हायपो थांबलाच असता. फक्त उशिरा.

आता डोंबिवली

आपल्याकडे मदतीचं सगळ्यात मोठं रूप म्हणजे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र, ज्याला सगळे सीईटीपी म्हणतात. कल्पना समजायला सोपी. छोट्या कारखान्याला स्वतःची सांडपाणी यंत्रणा परवडत नाही, जागाही नसते. म्हणून एमआयडीसीतल्या अशा शेकडो कारखान्यांचं पाणी एका ठिकाणी आणायचं, तिथे शुद्ध करायचं आणि मग सोडायचं. केंद्र सरकारने १९९१ मध्ये यासाठी योजना आणली. भांडवली खर्चाचा २५ टक्के वाटा केंद्राचा, २५ टक्के राज्याचा, उरलेलं कर्ज आणि कारखानदारांची वर्गणी. २०१२ मध्ये योजना सुधारली तेव्हा केंद्राचा वाटा ५० टक्क्यांवर गेला.

मग देशभर सीईटीपी उभे राहू लागले. आणि मोजणी? किती केंद्रं उभारली, क्षमता किती, निधी किती कोटी. पुन्हा खड्ड्यांचा आकडा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००५ मध्ये मात्र वेगळं काम केलं. चालू असलेले ७८ सीईटीपी पाहिले आणि बाहेर पडणारं पाणी तपासलं. नेहमीच्या सगळ्या कसोट्यांवर, म्हणजे आम्लता, सेंद्रिय भार, तरंगणारा गाळ वगैरे, मर्यादेत बसलेले केवळ २० निघाले. चारातला जेमतेम एक.

कारणं समजून घेण्यासारखी आहेत. अनुदान होतं ते यंत्रणा उभारायला. ती रोज चालवायला वीज लागते, रसायनं लागतात, जाणकार माणसं लागतात, आणि तो खर्च सभासद कारखान्यांच्या वर्गणीतून यायचा. दुसरं, शंभर कारखान्यांचं पाणी एका पाइपात मिसळलं की कोणी काय सोडलं ते कळत नाही. एखाद्याने मर्यादेबाहेरचं जहाल पाणी सोडलं तर बिघाड सगळ्यांचा, आणि दोषी कोणीच नाही. आमच्या सोसायटीतल्या पाण्याच्या बिलासारखं. मीटर एकच, आणि नळ उघडा ठेवणारा नेहमी दुसऱ्या मजल्यावरचा.

२००९ च्या डिसेंबरात मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक वसाहतींना प्रदूषणाचे गुण दिले. ४३ ठिकाणं 'अतिप्रदूषित' ठरली. पहिला नंबर अंकलेश्वर, पाठोपाठ वापी. महाराष्ट्रातली पाच : चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), नवी मुंबई आणि तारापूर. डोंबिवलीकरांना हे सांगायला मंडळाची गरज नव्हतीच म्हणा. जानेवारी २०१४ मध्ये तिथे हिरवा पाऊस पडला तेव्हा मामीने वाळत घातलेले कपडे खिडकीतून काढून घेतले आणि मला फोन करून सांगितलं, "होळी लवकर आलीय आमच्याकडे."

अंकलेश्वर आणि वापी दोन्हीकडे सीईटीपी होते. मग मदत फुकट गेली, असं म्हणावं का? माझ्याही मनात पहिल्यांदा हेच आलं. पण थांबा. सीईटीपी बांधतात कुठे? जिथे कारखान्यांची दाटी आहे, घाण आहे, तिथेच. डॉक्टरांच्या दारात आजारी माणसं जास्त दिसतात म्हणून डॉक्टर आजार पसरवतो असं आपण म्हणत नाही. अमेरिकेच्या शिबिरात चांगले दुकानदार आपणहून यायचे म्हणून मदत होती त्यापेक्षा चांगली दिसायची. आपल्याकडे वाईट जागा निवडल्या जातात म्हणून मदत असेल त्यापेक्षा वाईट दिसते. दोन्हीकडे चूक तीच, फक्त दिशा उलटी. २००५ च्या तपासणीतून सीईटीपीचं पाणी मर्यादेत नव्हतं हे नक्की कळतं. सीईटीपी नसता तर नाल्यात काय गेलं असतं, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी बांधायच्या आधी त्या नाल्याचं पाणी तपासून ठेवायला हवं होतं, आणि ज्या वसाहतीला अजून अनुदान मिळालं नाही तिथलंही.

सात आणि एकोणसाठ

आता मघाशी कंसात ठेवलेला मुद्दा. आकडे कोण लिहितं?

गुजरातमध्ये १९९६ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने एक पद्धत चालू होती. जास्त प्रदूषण करू शकणाऱ्या कारखान्यांनी दरवर्षी बाहेरच्या तपासनिसाकडून पर्यावरण ऑडिट करून घ्यायचं. तपासनीस निवडायचा कारखान्याने, आणि त्याची फीही कारखान्यानेच द्यायची. पुढे काय होणार ते तुम्ही ओळखलंच असेल.

२००९ ते २०११ मध्ये एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर एक प्रयोग केला. अहमदाबाद आणि सुरत भागातले ४७३ कारखाने घेतले. चिठ्ठ्या टाकून जवळजवळ निम्म्यांसाठी पद्धत बदलली. तपासनीस कारखान्याने निवडायचा नाही, तो नेमून दिला जाईल. फी ठरलेली, आणि ती एका सामायिक निधीतून मिळेल. शिवाय काही कारखान्यांत दुसरं पथक जाऊन तेच मोजमाप पुन्हा करेल. उरलेल्या निम्म्यांत जुनीच पद्धत.

जुन्या पद्धतीच्या तपासनिसांनी लिहिलं होतं की धुरातल्या कणांची मर्यादा ७ टक्के कारखाने ओलांडतात. फेरतपासणीत ते ५९ टक्के निघाले. जुन्या अहवालांतले आकडे मर्यादेच्या अगदी खाली दाटीवाटीने उभे होते. पस्तीस मार्कांवर पास झालेल्यांची गर्दी असते, तसे. नव्या पद्धतीत हे खोटं मोठ्या प्रमाणात कमी झालं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्या गटातल्या कारखान्यांचं प्रदूषणही खरोखर कमी झालं. मोजमाप खरं झाल्यावर कारखानेही बदलले.

याच टोळीतल्या रायन यांनी गुजरातेतच आणखी एक प्रयोग केला, आणि तो तर थेट मदतीचाच. काही कारखान्यांना चिठ्ठ्या टाकून ऊर्जाबचतीचा तज्ज्ञ सल्ला दिला, बाकीच्यांना नाही. सल्ल्याने यंत्रं जास्त कार्यक्षम झाली. पण विजेचा वापर काही उतरला नाही, कारण यंत्रं परवडू लागल्यावर कारखान्यांनी ती जास्त वेळ चालवली. धंद्याला फायदा झाला, पर्यावरणाला अपेक्षित तो झाला नाही. चिठ्ठ्या टाकल्या नसत्या तर हे कधीच नीट कळलं नसतं. सल्लागाराच्या अहवालात 'कार्यक्षमता वाढली' एवढंच आलं असतं, आणि तेही खोटं नसतं.

एवढं सगळं वाचल्यावर माझं मत काय झालं? मदतीवरचा माझा विश्वास उडाला नाही. ड्रायक्लीनरला पुस्तिका हवीच, छोट्या रंगवाल्याला सीईटीपी हवाच, नुसता दंड करून त्याच्याकडे नसलेला इंजिनिअर उगवत नाही. पण अनुदानाचा पहिला हप्ता सोडायच्या आधी तिथलं पाणी एकदा तपासून कुलूपबंद करून ठेवा, आणि तपासणारा त्या कारखान्याच्या पैशावर जगणारा नसावा, एवढा हट्ट मात्र माझा झाला आहे. हप्ता गेल्यानंतर 'आधी'चं पाणी पुन्हा कुठून आणणार? ते तर वाहून गेलेलं असतं.

असो. मामाकडे परत येते.

हे सगळं मी त्याला रात्री जेवताना सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून कपाटातून लाल कापडी पाठीची एक वही काढली. स्टुडिओचा हिशेब. त्यात हायपो विकल्याची प्रत्येक तारीख होती, किती लिटर, काय भाव, किती रुपये. मामाचं अक्षर मोत्यासारखं. वर्षानुवर्षं एकही खाडा नाही.

"बघ, सगळं लिहिलेलं आहे," मामा म्हणाला.

मी पानं उलटत पहिल्या नोंदीपर्यंत गेले, आणि मग तिच्याही मागे. कागद, फिल्म, डेव्हलपर, दुकानाचं भाडं, चहा, सगळं होतं. मोरीत ओतलेल्या हायपोची एकही ओळ नव्हती.

"आधी किती ओतायचास रे साधारण?"

मामाने बराच वेळ आठवून पाहिलं. "काय माहीत गं," तो म्हणाला. "तेव्हा कोण लिहून ठेवतंय?"

कॅन सध्या माझ्याकडे आहे. मामीला सांगितलंय की भंगारात दिला.